मंगरूजींची अकरा पानं

कपाशीची बोंडं फुटायला लागली की मला धास्ती लागते. पांढुर्ण्यात या दिवसांत माणसं खुशीत असतात. सरकी काढायच्या जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात, कापसाचे तंतू हवेत तरंगत चहाच्या कपात पडतात, केसांत अडकतात, आणि दुकानदार दिवाळी सरली तरी दिवाळीचाच चेहरा करून बसतात. मी मात्र खिडक्या लावून घेते. सून म्हणते, "आई, तुम्हाला कापसाची ॲलर्जी आहे." मी म्हणते, असेल बाई. ॲलर्जी म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

मुळात मी घाबरटच. गाडी दहाची असली तर मी नवालाच स्टेशनवर. तिगावला कोणाकडे लग्नाला जायचं, तरी दोन वेळा कुलूप ओढून बघते आणि वाटेत तिसऱ्यांदा परतते. घरात सगळे यावरून माझी थट्टा करतात, आणि मीही त्यांच्याबरोबर हसते. पण वेचणीच्या दिवसांतली ही धास्ती त्यातली नाही. तिला एक गाव आहे, एक वही आहे आणि एक म्हातारा माणूस आहे. तो हात धुऊन, पुसून, आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेला मला दिसतो.

त्या वर्षी मी चौदावं संपवून पंधराव्यात होते. आम्ही सौंसरला राहत होतो आणि बाबा तिथं शाळेत मराठी शिकवत. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, आणि आता भाषेप्रमाणे राज्यं पाडायची असं ठरत होतं. आयोग बसला होता. तोवर आमची राजधानी नागपूर. छोट्या रेल्वेत बसलं की झालं. आईचं माहेर नागपूरचं, बाबांची पुस्तकं नागपूरची, माझा चष्मासुद्धा नागपूरचा. आता लोक म्हणायला लागले की नागपूर एका राज्यात जाईल आणि आपण दुसऱ्या. लोधीखेड्याच्या बाजाराला गेलेला माणूस वांग्यांबरोबर एक नवी बातमी घेऊन यायचा. शेजारच्या काकू रोज भिंतीवरून विचारत, "गुरुजी, आपण कोन्या राज्यात जाऊन राहिलो?"

"आपण कुठंच नाही जाऊन राहिलो, काकू," बाबा म्हणाले. "राज्यंच जाऊन राहिली." एरवी ते पुस्तकासारखं बोलत. चिडले की गावचं बोलणं त्यांच्याही तोंडी येई.

मला कळत काहीच नव्हतं, पण घाबरायला कळावं लागतंच असं नाही. पेपर कुठल्या भाषेत येणार, बाबांना कुठं धाडणार, आजीकडे जायला परवाना लागेल का, असले प्रश्न मी भूगोलाच्या तासाला नकाशाकडे बघत स्वतःला विचारत असे. नकाशावर सौंसर नव्हतंच. ते मला फार वाईट लक्षण वाटलं होतं.

अशात एके सकाळी रामाकोन्याहून सोनबाजी आले. मोठे शेतकरी, पण पायात साध्या वहाणा आणि डोक्याला मळकट मुंडासं. कापूस पेरत, संत्र्याची बाग होती. संत्र्यांची टोपली त्यांनी ओट्यावर ठेवली, आणि दुसऱ्या बगलेतलं लाल फडक्याचं गाठोडं मात्र खाली ठेवायला तयार होईनात. आईनं पाट मांडला तेव्हा त्यावर ठेवलं.

"गुरुजी, पोथी झडून राहिली," ते म्हणाले. "पान उचललं का कोपरा हातात येते. नवी लिवून पायजे."

त्या घराण्याचा रिवाज असा, की पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला की ही पोथी बैठकीत पूर्ण वाचायची. ती जुनी होऊन फाटायला लागली की तिच्यावरून नवी उतरवायची, दोन्ही शेजारी ठेवून नवी वाचायची, एक अक्षर राहिलं नाही अशी खात्री झाली की जुनी कन्हान नदीत सोडायची. फाटकी पोथी घरात ठेवायची नाही आणि दोन ठेवायच्या नाहीत. सोनबाजींनी पाटावर ठेवली ती अशी कितवी तरी नक्कल होती. मूळ लिहिणारा कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं. भाषा मात्र फार जुनी होती, मोगलाईच्याही आधीची, असं बाबा म्हणाले.

बाबांनी पोथी उघडली आणि त्या दिवशी शाळेला उशिरा गेले. त्यांच्या उभ्या नोकरीत ते एकदाच घडलं.

पोथीत एक साधू सातपुड्याचा घाट उतरून खाली येतो आणि गावोगाव हिंडतो. एवढीच गोष्ट. त्यात चमत्कार जवळजवळ नाहीत. तो कोणाकडे जेवला, भाकरी कशाची होती, नदीला उतार कुठं होता, नावाड्यानं त्याला का बसू दिलं नाही, कोणत्या बाजारात मीठ मिळेना, कोणत्या दोन गावांचं तळ्यावरून भांडण होतं आणि ते कोणत्या बाईनं मिटवलं, हे मात्र सगळं आहे. बाबा एखादी ओवी वाचत, चष्मा काढत, पुन्हा लावत. "राजांच्या ताम्रपटात कोण जिंकलं ते सापडतं गं," ते मला म्हणाले. "या मुलखात तहानलेल्याला पाणी कोणी दिलं, ते कुठं सापडणार? आपल्यासारख्या कडेच्या माणसांचा इतिहास कोणी लिहिलाच नाही. तो असा कशाकशात अडकून राहिलाय."

पोथीच्या मध्यावर अकरा पानं वेगळी होती. साधू जंगलात वाट चुकतो, तापानं फणफणतो आणि पावसाळ्याचे चार महिने गोंडांच्या वस्तीत काढतो. त्या पानांत साधूचं बोलणं मराठीत आणि वस्तीच्या मुखियाचं गोंडीत आहे. अक्षरं आपलीच, बाळबोध, पण शब्द त्यांचे. लिहिणाऱ्यानं अर्थ सांगितलेला नाही. ऐकलं तसं मांडलं. वाचताना या जागी सोनबाजींच्या घरचा वाचणारा थांबे आणि टेकडीपलीकडच्या वस्तीतले मंगरूजी पुढं येत. त्यांना वाचता येत नव्हतं. ते हात धुवत, पानावर तळवा ठेवत आणि सगळं पाठ म्हणत. त्यांच्या आधी त्यांचे वडील म्हणत, त्याआधी त्यांचे. त्यांच्यावाचून पोथी पुरी होत नसे. सोनबाजींनी हे सहज सांगितलं, पण बाबा खाटेवर बसायचे ते ओट्यावरच बसले. "हीच पोथीची नाभी," असं म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं.

अक्षर माझं बरं होतं, म्हणून नक्कल माझ्याकडे आली. बाबा वाचून दाखवत आणि मी जाड वहीत बोरूनं लिही. त्या पानांना जुन्या तुपासारखा वास होता. माझ्या श्वासानं कोपरा उडेल म्हणून मी तोंडाला पदर लावून बसे, आणि आई म्हणे, "पोथी लिहिते आहेस की देवी आल्यात घरात?" वेचणी सुरू झाली होती, अंगणात कापूस वाळत होता, आणि माझ्या बोटांवर शाई. सुखाचे दिवस होते, हे कबूल केलं पाहिजे. फार थोडे होते.

मराठी मुलखाच्या बाजूनं आयोगापुढं निवेदन द्यायला पांढुर्ण्यात एक समिती जमली होती. तिचं काम एक वकीलसाहेब बघत, जिनिंगच्या आवारातल्या खोलीत. बाबा मला आणि वहीला घेऊन तिथं गेले. वहीचा पहिला भाग झाला होता. वकीलसाहेबांनी चाळली, मग अकरा पानांबद्दल बाबांकडून ऐकलं, आणि दार लोटून घेतलं.

"गुरुजी, पुरावा सोन्यासारखा आहे. कित्येक शतकांपासून इथं मराठी बोलतात, याहून आणखी काय पाहिजे? पण ती पानं नकोत. उद्या समोरचे म्हणतील, बघा, यांच्याच पोथीत हा मुलूख मराठी नाही. आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

"पण पोथी तशी आहे," बाबा म्हणाले.

"पोथी असेल. निवेदनाला तिच्यातलं लागेल तेवढं घ्यायचं. आणि हे कुठं कागदावर नको, की आपण काही गाळलं. तुम्ही सरकारी नोकर आहात."

परतीच्या मोटारीत बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. शेतांतून बायका ओटीत कापूस वेचत होत्या. मग ते म्हणाले, "ती पानं क्षेपक असावीत." क्षेपक म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेला मजकूर, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. उदाहरणं दिली. मी मान हलवत होते. आठवडाभरापूर्वी तीच पानं नाभी होती, हे मी बोलले नाही. बाबांचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता आणि मला त्याचीच भीती वाटली.

मग ठरलं ते असं. वही अकरा पानं सोडून पुरी करायची, नागपूरला निवेदनाबरोबर पाठवायची, परत आली की राहिलेली पानं जोडायची आणि सोनबाजींना अख्खी पोथी द्यायची. दोन वह्या लिहायला वेळ नव्हता. ऐकायला सगळं ठीकच होतं.

पण सोनबाजींनी निरोप धाडला, की वही कुठं जायच्या आधी एकदा बैठकीत वाचली पाहिजे. रिवाज होता तो. आम्ही गेलो. रामाकोन्यात ओसरीवर गोधड्या अंथरल्या होत्या, कोपऱ्यात पहिल्या वेचणीचा कापूस टोपलीत होता, आणि मंगरूजी धुतलेलं धोतर नेसून माझ्या उजव्या हाताला बसले होते. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. वाचायचं मलाच होतं. पहिल्या पानापासूनच मला ती जागा जवळ येताना दिसत होती. साधू घाट उतरला, जेवला, नावाड्याशी भांडला. मंगरूजी उठले, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि परत येऊन बसले. मी पान उलटलं. साधू जंगलात शिरला, आणि पुढच्या ओवीत पावसाळा सरून तो पैलतीरी निघाला होता. मी वाचत राहिले. थांबावं असं मला वाटलं नाही, कारण थांबले असते तर बोलावं लागलं असतं.

"बाई, थांब," सोनबाजी म्हणाले. "मंगरूजीचं राह्यलं."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ते मागून जोडायचं आहे, सोनबाजी. ती पानं जरा नंतरची दिसतात."

"नंतरची म्हंजे कवाची? माह्या आज्याच्या आज्यानं आयकली हायत."

मंगरूजींनी जुनी पोथी आपल्याकडे ओढली, पानावर तळवा ठेवला आणि म्हणायला लागले. त्यांचं संपेपर्यंत मी मान वर केली नाही. संपल्यावर मात्र राहवलं नाही. मी म्हणाले, "आजोबा, मी लिहिते तुमचं. शप्पथ लिहिते."

"लिवजो, बाई," ते म्हणाले. "मले घाई नाई."

सगळ्यांसमोर मी हे बोलले होते. सोनबाजींनी मान डोलावली आणि सांगितलं, पानं जुळेपर्यंत जुनी पोथी घरातच राहील.

वही नागपूरला गेली आणि फाल्गुनात परत आली. मी तिच्यावर सुतळी बांधली होती आणि तिला माझ्या पद्धतीची दुहेरी गाठ मारली होती. गाठ तशीच होती. कोणी उघडलीसुद्धा नव्हती. बाबा त्या गाठीकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "चल, रामाकोन्याला जाऊन पानं घेऊ लिहायला." पण त्याच आठवड्यात त्यांची बदली आली, पार नर्मदेच्या बाजूला. दोन दिवसांत निघायचं होतं, माझी परीक्षा तोंडावर होती, आणि सामान बांधताना आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. बाबांनी वही रामाकोन्याच्या एका गाडीवानाकडे द्यायचं ठरवलं. मला म्हणाले, "वर चिठ्ठी लिही. अकरा पानं बाकी आहेत, जुनी पोथी सोडू नका, उन्हाळ्यात येऊन पुरी करतो."

मी चिठ्ठी लिहिली आणि मग फाडली.

का फाडली, हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. वकीलसाहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं, कुठं कागदावर नको. ही चिठ्ठी कोणाच्या हाती पडली तर बाबांनी पोथीतला मजकूर गाळला हे उघड होईल, नोकरी जाईल, आणि नव्या गावात आम्ही रस्त्यावर येऊ, असं मला खरोखर वाटलं. उन्हाळ्यात जाणारच आहोत, तेव्हा तोंडानं सांगू. वहीवर मी नवी सुतळी बांधली आणि गाडीवानाला दिली. बाबांनी विचारलं, "चिठ्ठी ठेवलीस?" मी हो म्हणाले.

नव्या गावी पोचून पंधरा दिवस झाले असतील. सोनबाजींच्या थोरल्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. वडील अंथरुणाला खिळले होते. 'नवी पोथी पोचली. बापूनं डोक्याले लावली. बाईनं शबूद पाळला म्हणाले. जुनी कन्हानमाईत सोडली. गुरुजीचे उपकार.'

सोनबाजींनी ती उघडून पाहिली नव्हती. मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, मग पाहायचं कशाला?

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. "आपण कळवलं होतं," ते म्हणाले. "स्पष्ट कळवलं होतं. पोरांनी चिठ्ठी वाचलीच नसेल." पुढं ते वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं. राज्यं झाली, नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो, आणि पोथीबद्दल कोणी एका शब्दानं विचारलं नाही. बाबा म्हातारपणी कोणी जुन्या ग्रंथांचा विषय काढला की सोनबाजींच्या मुलांना बोल लावत. मी शेजारी बसून भाजी निवडत असे. ते गेले तेव्हाही त्यांची समजूत तीच होती. बापाचं नाव वाचवायला मी चिठ्ठी फाडली होती, आणि त्याच्या डोक्यात निरपराध माणसांविषयी उभा जन्म राग भरून ठेवला.

याहून वाईट असं, की मंगरूजी त्यानंतरही सात-आठ वर्षं होते. मी लग्न होऊन पांढुर्ण्यात आले. इथून सौंसर फार लांब नाही, पुढं रामाकोना. दर वेचणीला मी ठरवत असे, या आठवड्यात जायचं, वही-पेन घेऊन बसायचं, ते म्हणतील ते लिहायचं. मग मुलाला गोवर येई, पाहुणे येत, मोटार चुकेल असं वाटे. खरं कारण एकच होतं. ते विचारतील, बाई, तवा काहून नाई लिवलं? म्हणून मी गेले नाही. एका वर्षी कोणीतरी सांगितलं, मंगरूजी गेले. मी खिडकी लावली आणि कोणाला दिसणार नाही अशी रडले. आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात थोडी सुटका होती.

गेल्या आठवड्यात दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, कडक सुती साडी, खांद्याला पिशवी. "मी सुमन. रामाकोन्याच्या मंगरूजींची नात. शाळेत शिकवते," त्या म्हणाल्या. जुन्या पोथ्यांतून इथल्या माणसांचा इतिहास शोधण्याचं काम त्यांनी हाती घेतलं आहे. पिशवीतून त्यांनी वही काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षर माझंच, माझ्यापेक्षा तरुण.

"सोनबाजींच्या घरून मिळाली. ते गेल्यावर बैठका बंद पडल्या, वही कोणी उघडलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "पूर्ण वाचली. आजोबांचं यात नाही. मला वाटलं, ती पानं तुमच्याजवळ वेगळी असतील. आजोबा शेवटपर्यंत सांगत, माह्यं मास्तरच्या पोरीनं लिवून ठेवलं हाय, आता मी मेलो तरी काई बिघडत नाई. म्हणून त्यांनी माझ्या बाबांना शिकवलंच नाही. बाबा खाणीत कामाला लागले, तेही म्हणत, लिहून आहे ना, मग कशाला."

सून चहा ठेवून गेली. मी कप बाजूला सारला. चाळीस वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरले, तो त्या माणसानं कधी विचारलाच नव्हता. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि त्या भरवशापायी आपल्या मुलाला शिकवलं नव्हतं. पोथी तशीच गेली आणि माणूसही तसाच गेला.

"नाही," मी म्हणाले. "मी लिहिलं नाही." मग चिठ्ठीचंही सांगितलं. पहिल्यांदा, त्यांनाच. सोनबाजींच्या मुलांचा काही दोष नव्हता, हेही लिहून घ्या म्हणाले.

सुमनबाई रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी वहीवर हात ठेवला. डोळे पुसले नाहीत, पण भरले होते. मग त्यांनी पिशवीतून दुसरी, कोरी वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "काय आठवतं?"

"एक शब्द आठवत नाही हो. मला भाषा येत नव्हती, आणि मी मान खाली घालून बसले होते."

"शब्द नका सांगू. जे आठवतं ते सांगा."

मी आठवायला लागले. आवाज बारीक होता, गात नसत, बोलत. सुरुवातीला हळू. मध्येच थोडं थांबून ते एकटेच हसले होते, मुखियानं साधूची काही तरी गंमत केली असावी तसे. सोनबाजीही हसले, दरसालच्या सवयीनं.

सुमनबाईंनी मान वर केली. "काहून हसले?"

"आम्ही विचारलं नाही," मी म्हणाले. "लिहा. इथं मंगरूजी हसले. आम्ही सगळे तिथंच बसलो होतो, आणि कोणी विचारलं नाही."